तात्पुरता आवाज

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मेल आली. ध्वनिसंपादक त्या वेळी औषधाच्या जाहिरातीतला खोकला कापत होता. खोकला दीड सेकंदाचा होता आणि गिऱ्हाइकाला तो पाऊण सेकंदात हवा होता.

मेल लहान होती. ‘लॉजवाली’ हा कॉम्प्युटर गेम बावीस वर्षांनी नव्याने बाजारात येत होता. त्यातल्या आवाजांची मूळ टेप त्याच्याकडे असल्याचं कंपनीला कळलं होतं. टेप हवी होती, आणि सोबत जोडलेल्या कागदावर सही. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

कागद एकपानी होता. खेळातले सगळे आवाज कलाकारांच्या संमतीने आणि रीतसर करार करून घेतलेले आहेत आणि हे सही करणाऱ्याला स्वतःच्या माहितीवरून ठाऊक आहे, असं त्यात लिहिलं होतं. त्याने ते दोनदा वाचलं. मग तो खोकल्याकडे वळला आणि खोकला नको तिथे कापून बसला.

‘लॉजवाली’ची जन्मकथा फारशी सांगण्यासारखी नाही. त्याआधी ‘बॅगवाला’ नावाचा खेळ होता. गावोगाव फिरणारा एक टकला विक्रेता दिसेल त्या बाईच्या मागे लागतो आणि प्रत्येक वेळी तोंडावर आपटतो, एवढीच त्याची गोष्ट. खेळ चावट होता, पण हसू नेहमी त्या टकल्याचंच व्हायचं, म्हणून लोकांनी डोक्यावर घेतला. त्याचे तीन भाग निघाले. मग मूळ लेखक भांडून निघून गेला आणि स्टुडिओने त्याच्याशिवाय त्याच खेळाला नवा फाटा फोडायचं ठरवलं. मूळ खेळात लॉजची मालकीण फक्त दाराआडून ओरडायची. तिला दाराबाहेर काढलं, नायिका केलं, आणि लेखकाची उणीव कमी कपड्यांनी भरून काढली. समीक्षकांनी तो खेळ सोलून काढला. दोन मोठ्या दुकानांनी परत पाठवला. आठ महिन्यांत स्टुडिओला टाळं लागलं. तिथे काम केलेल्या माणसांनी पुढे नोकरीच्या अर्जांत ते वर्ष जमेल तसं गाळलं. ध्वनिसंपादकानेही गाळलं होतं.

पण खेळ मेला तरी त्यातली एक गोष्ट जगली. ते होतं लॉजवालीचं हसणं. पाहुण्याचा टॉवेल सुटतो, ती दारात उभी असते, आणि चार सेकंद हसते. आधी ते कुणीतरी फोनच्या रिंगला लावलं, मग कुणी पडलेल्या पुढाऱ्याच्या चित्राला जोडलं, मग सगळ्यांनी सगळ्याला. जगात कुणाची फजिती झाली की ते हसणं वाजू लागलं. ज्यांनी खेळाचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांना ते हसणं पाठ होतं.

ते हसणं ध्वनिसंपादकाच्या वहिनीचं होतं. हे त्याच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. वहिनींनाही नाही.

साडेदहाला फोन आला.

“नमस्कार सर, मी हक्क विभागातून बोलतेय. मेल पोचली?”

“पोचली.”

“सर, आधी एक सांगू? आमच्या ऑफिसात तुम्ही म्हणजे देव आहात.”

“मी?”

“म्हणजे तुम्ही नाही, ते हसणं. पण रेकॉर्ड तुम्हीच केलंत ना!” मुलगी पंचविशीची असावी. बोलणं भरभर आणि लाघवी. “मी नटीबाईंशी बोलले. सत्तरी ओलांडलीय, पण ठणठणीत आहेत. म्हणाल्या, बाळ, संवाद माझे, हसणं माझं नाही. मी अकरा वेळा हसून दाखवलं, तरी त्या ध्वनिवाल्याचं समाधान होईना. कुणाचं ते त्यालाच विचार. दिग्दर्शक तर गेले. म्हणजे आता तुम्हीच.”

“बघावं लागेल,” तो म्हणाला. “जुनी गोष्ट आहे.”

“बघा ना. कारण खरी मजा पुढेच आहे. त्या आवाजात आम्ही तीस नवे संवाद घालतोय. मशीन करतं ते. टेप स्वच्छ असली की अगदी जिवंत माणूस बोलतोय असं वाटतं. आणि संवाद जरा तिखट आहेत हं, आजच्या मानाने. तुमच्या वेळचे आता शाळेत वाचून दाखवले तरी चालतील.”

ती हसली. तो हसला नाही.

खेळाच्या धंद्यात तेव्हा एक पद्धत होती. नट-नट्या महाग, ते शेवटच्या आठवड्यात यायचे. पण चित्रातले ओठ किती वेळ हलवायचे हे ठरवायला त्याआधी कुणाचातरी आवाज लागायचा. मग ऑफिसातलं जे माणूस हाताला लागेल त्याला माइकपुढे बसवून संवाद वाचून घ्यायचे. त्याला तात्पुरता आवाज म्हणत. त्या प्रत्येक फाइलच्या नावापुढे ‘ता’ लावत. खरी नटी आली की तिची फाइल आत आणि ‘ता’ पुसून टाकायची. ‘ता बाहेर जाता कामा नये’ असा कागद ध्वनिसंपादकानेच मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवला होता.

वहिनी तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या. त्या मार्चमध्ये त्यांचं पहिलं बाळ नवव्या दिवशी गेलं. चार महिने त्यांनी खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही. दादा, म्हणजे ध्वनिसंपादकाचा थोरला भाऊ, न्यायालयात साक्षी टंकायचा. घरी आला की तोही बोलायचा नाही. वहिनींनी नुसतं बसून राहू नये म्हणून ध्वनिसंपादकाने त्यांना स्टुडिओच्या स्वागतकक्षात चिकटवून दिलं. ऑगस्टमधल्या एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तो कागदांचा गठ्ठा घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला.

“हे असलं मी वाचू?” वहिनींनी दोन पानं चाळून विचारलं होतं.

“पुसणारच आहे हो. आठवडाभराचा प्रश्न आहे. तुमच्याशिवाय कुणी रिकामं नाही.”

“तुमच्या दादांना कळलं तर दोघांनाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतील.”

चाळीस संवाद त्यांनी सरळ वाचून टाकले, विजेचं बिल वाचावं तसे. एकोणतिसाव्यानंतर अचानक हसल्या. टेप चालू होती.

नटीबाई आल्या, त्यांनी सगळे संवाद झकास म्हटले आणि अकरा वेळा हसल्या. अकराही वेळा ते नटीचं हसणं होतं. मुदतीच्या दिवशी दुपारी दोन वाजता ध्वनिसंपादकाने चाळीस फाइली बदलल्या. एक्केचाळिसावी होती हसण्याची. तिच्या नावातला ‘ता’ त्याने काढून टाकला आणि ती तशीच आत ठेवली. एवढंच. अर्धं मिनिट लागलं असेल. पुढे बावीस वर्षं त्याने स्वतःला सांगितलं की वेळ नव्हता.

मंगळवारी दिवसभर तो कागद टेबलावर राहिला. सही करणं सोपं होतं. दिग्दर्शक नाही, स्टुडिओ नाही, नटीबाईंनी हात वर केलेले. ऑफिसात कुणी येणारं-जाणारं हसलं असेल, म्हणून मोकळं होता आलं असतं. पण टेपवर वहिनींचे चाळीस संवाद होते, आणि ती मुलगी म्हणत होती त्या मशीनला आवाज शिकायला तेवढे पुरे होते. वहिनी गेली अकरा वर्षं अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचत होत्या. चारपाचशे माणसं त्यांना केवळ आवाजावरून ओळखत होती. तीस तिखट संवाद त्या आवाजात बाहेर पडले, तर ओळखायला त्या लोकांना मशीन लागणार नव्हतं.

बुधवारी साडेचार वाजता तो दादाकडे गेला. सांगायचंच, असं ठरवून गेला.

पुतणी कॉलेजातून येऊन सोफ्यावर आडवी झाली होती. दादा खुर्चीत पेपर उलगडून बसला होता.

“काका, वजन वाढलंय,” पुतणी म्हणाली.

“तुझ्या डोळ्यांचा नंबर वाढलाय.”

“भावोजी, चहा टाकू ना?” आतून वहिनींचा आवाज आला. “की नुसतं तोंड दाखवायला आलात?”

तो उत्तर देणार एवढ्यात पुतणीच्या फोनमधून लॉजवाली हसली. पुरे चार सेकंद. ध्वनिसंपादकाच्या हातातली किल्ली खाली पडली.

“बंद कर ते,” दादा पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

“अहो बाबा, मेसेज आलाय.”

“घर आहे हे. कुठल्या बाजारबसवीचं खिदळणं दिवसभर ऐकायचं आम्ही?”

“ती कोण आहे ते कुणालाच माहीत नाही, बाबा. लोक शोधतायत तिला. खेळात शेवटी येणारी नावं एकेक करून तपासतायत.”

“सापडली की मला सांग. तिच्या नवऱ्याला चार शब्द सुनावायचेत.”

वहिनी ओले हात पुसत दारात आल्या. “त्या बिचाऱ्याने काय केलंय?”

“काही केलं नाही. तेच तर.”

“मला तर आवडतं ते हसणं,” वहिनी म्हणाल्या. “मोकळं आहे. कुणीतरी पोटातून हसतंय.”

“तुला काय, सगळंच आवडतं.”

ध्वनिसंपादकाने खाली वाकून किल्ली शोधायला जरा जास्तच वेळ घेतला. वहिनी स्वतःचं वाचन आठवड्यातून दोनदा ऐकायच्या, चुका काढायच्या, श्वास कुठे घेतला ते बघायच्या. स्वतःचा आवाज त्यांना चांगला ठाऊक होता. पण पुस्तकात कुणी हसत नाही. स्वतःचं हसणं त्यांनी कधी बाहेरून ऐकलंच नव्हतं.

चहा झाला. सांधेदुखी झाली, पुतणीची परीक्षा झाली. खेळाच्या शेवटी आभार मानलेल्यांची यादी होती आणि त्यात स्वागतकक्ष या शब्दापुढे वहिनींचं पूर्ण नाव होतं, हे त्याला तिथे बसल्या बसल्या आठवलं. तो उठला.

वहिनी जिन्यापर्यंत आल्या. “काहीतरी सांगायला आला होतात.”

“नाही हो.”

“भावोजी, मी तुम्हाला तिशीपासून बघतेय. खोटं बोलताना तुम्ही कान खाजवता.”

त्याने कानावरचा हात काढला. “उद्या ग्रंथालयातून सुटलात की स्टुडिओत याल?”

गुरुवारी सव्वा वाजता त्या आल्या. त्याचा स्टुडिओ म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली, तिन्ही भिंतींना फोम लावलेला, चौथीला कपाट. वहिनींनी पर्स मांडीवर घेतली आणि सरळ म्हणाल्या, “बोला.”

त्याने सगळं सांगितलं. सगळं म्हणजे कंपनी, कागद, तीस संवाद, यादीतलं नाव. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. मग त्याने टेप लावली आणि हेडफोन त्यांच्या हातात दिला. एकोणतिसावा संवाद आला, आणि मग ते चार सेकंद. तो त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता फिरणाऱ्या चकतीकडे बघत राहिला.

“पुन्हा लावा,” वहिनी म्हणाल्या.

त्याने तीनदा लावलं. चौथ्यांदा नको म्हणाल्या.

“मी तुमच्यावर हसले होते. आठवतंय? तुम्ही गंभीर चेहरा करून आकडे मोजत होता, आणि अंगात टी-शर्ट उलटा होता. लेबल गळ्याखाली.” त्यांनी हेडफोन कानावरून खाली घेतला. “त्या वर्षी मी हसले होते हे मला ठाऊक नव्हतं. मी समजत होते, आमची ही झाली तेव्हाच पहिल्यांदा हसले.”

खाली दुकानात कुणीतरी मोठ्याने अक्षरं वाचत होतं. वहिनींनी हेडफोन टेबलावर ठेवला, वायर नीट गुंडाळून.

“पुसलं का नाहीत?”

“वेळ नव्हता, वहिनी. मुदत होती.”

“बाकीची चाळीस पुसायला होता?”

त्याने टेप मागे गुंडाळायला लावली.

“त्या बाई हसून गेल्या होत्या म्हणालात. अकरा वेळा. मग त्यातलं एक का नाही घातलं?”

“चांगलं नव्हतं.”

“आणि माझं होतं.”

“हो.”

“म्हणजे विसरला नव्हतात. निवडलंत.”

दादाने चौतीस वर्षं साक्षी टंकल्या, पण उलटतपासणी या घरात कुणाला येत असेल तर ती वहिनींना, असं ध्वनिसंपादकाच्या मनात आलं. त्याने मान हलवली.

“मी स्वागतकक्षात बसले होते, तुमच्यापासून वीस पावलांवर,” त्या म्हणाल्या. “उठून यायचं होतंत. वहिनी, हे ठेवू का, एवढं विचारायचं होतंत. मी नाही म्हटलं असतं म्हणून विचारलं नाहीत ना?”

“हो.”

“काय चाललेलं असतं तिथे? मी हसते तेव्हा?”

“राहू द्या.”

“सगळं जग बघतंय, आणि मीच राहू देऊ?”

त्याने दाखवलं. रंग भडक होते, चित्र जाडंभरडं. मालकीण दारात, पदराचा पत्ता नाही, समोर उघडाबंब पाहुणा. वहिनींनी सगळं पाहिलं. त्यांना लाज वाटली की राग आला हे त्याला कळलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “काल तुमचे दादा काय म्हणाले ते ऐकलंत ना तुम्ही.”

“त्याला माहीत नव्हतं.”

“म्हणून तर मनातलं बोलले.”

“मी सांगतो दादाला. चूक माझी आहे, मी बोलतो.”

“काही बोलायचं नाही.” पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “बावीस वर्षं माझ्या वतीने तुम्हीच ठरवत आलात. आता पुरे. टेप द्या ती.”

त्याने टेप काढून दिली. त्यांनी ती पर्समध्ये, चष्म्याच्या डबीखाली ठेवली.

“मला तुमच्या कंपनीचा कागद पाहिजे. तुमच्या सहीचा नाही, माझ्या सहीचा. तसा असतो का?”

असतो. त्याने त्यांच्यासमोरच हक्क विभागातल्या मुलीला फोन लावला. मी सही करू शकत नाही, म्हणाला. ज्या बाईचं हसणं आहे तिला कधी विचारलेलंच नाही.

“सर, त्या हयात आहेत?”

“आहेत.”

“अहो, मग हे किती छान आहे! त्यांना बोलावू आपण, समारंभाला. त्यांचं नाव...”

“नाव मी सांगणार नाही. कोरा कागद पाठवा.”

“पाठवते. पण सर, एक सांगून ठेवते, रागावू नका. कागद आला नाही तर काम थांबेलच असं नाही. जुन्या डिस्कवरूनही आवाज काढता येतो, जरा खरखर येते इतकंच. मग वकील धोका किती ते बघतील आणि ठरवतील.”

कागद दहा मिनिटांत आला. त्यात तीन चौकोन होते. पहिला, जुनं हसणं वापरू देण्याचा. दुसरा, त्यावरून नवे संवाद तयार करू देण्याचा. तिसऱ्यात विचारलं होतं की नाव छापायचं का, आणि छापायचं तर कोणतं. वहिनींनी तो उभ्या उभ्या वाचला, घडी घातली, आणि जिना उतरून गेल्या. चहा राहिला.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास शोध घेणाऱ्यांपैकी कुणीतरी आभाराच्या यादीतली सहा नावं निवडून लोकांसमोर ठेवली. वहिनींचं चौथं होतं. दुपारी तीनपर्यंत ती यादी नऊ हजार लोकांनी पाहिली होती. खाली एकाने लिहिलं होतं, यातल्या चार नंबरच्या बाई माझ्या आजोबांना पुस्तकं वाचून दाखवतात, आवाज ऐकतो आणि सांगतो.

ध्वनिसंपादकाने वहिनींना दोनदा फोन केला. उचलला नाही. ग्रंथालयात केला. नेहमीप्रमाणे दहाला आल्या, वनस्पतिशास्त्राची दोन प्रकरणं वाचली, चार वाजता गेल्या, असं तिथला ग्रंथपाल म्हणाला. जाताना स्कॅनर वापरू का म्हणून विचारलं होतं. “तब्येत बरी आहे ना त्यांची? आज एकही शब्द चुकल्या नाहीत. एरवी चुकतात, आणि स्वतःलाच रागावतात.”

पाच वाजून सात मिनिटांनी हक्क विभागातली मुलगी बोलली.

“सर, कागद मिळाला. तीन पन्नासला आला.”

“काय लिहिलंय?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“अहो, मीच तर तुमची गाठ घालून दिली.”

“कळतंय सर. पण कागद त्यांचा आणि आमचा आहे. तुमचा त्यात संबंध येत नाही.” मग जरा हळू आवाजात, “त्यांनी शेवटी हाताने चार ओळी लिहिल्यात. आमच्या वकिलांनी त्या दोनदा वाचल्या, एवढं सांगते. सोमवारी कळेल.”

त्याने फोन खाली ठेवला. चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला. पाऊण सेकंदाचा खोकला मंजूर झाल्याची औषध कंपनीची मेल आली होती, ती त्याने उघडली नाही.

सहा वाजून वीस मिनिटांनी दादाचा मेसेज आला. दादा एरवी फोन करायचा, मेसेज टंकायचा नाही. निवृत्तीनंतर टंकायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

‘उद्या सकाळी दहाला ये. हिला आणि मला तुझ्याशी बोलायचं आहे. पोरगी घरी नसेल.’

‘येतो’ असं त्याने लिहिलं. मग ‘वहिनी बऱ्या आहेत ना?’ असंही लिहिलं.

दोन्ही मेसेज सहा वाजून एकतीस मिनिटांनी वाचले गेले. उत्तर आलेलं नाही.